गाईपुढं गेलेलं जेवण

मित्रांनो, मी एक जुनं जर्मनचं पातेलं आहे. जर्मन म्हणजे तो दूरचा देश नव्हे. आमच्या लातूर-नांदेडकडं ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. माझ्या काठाला एक चीर आहे, बुडाला पोचे आहेत, आणि आतून मी काळसर पडले आहे. मला बघून कुणाला भूक लागेल असं मला वाटत नाही. तरी एके काळी वाटेवरून दमून आलेली माणसं माझ्यावरचं झाकण थरथरायला लागलं की उठून बसायची.

मी कुठल्या कारखान्यात घडले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पत्र्याची एक सपाट चकती होते, मग दाब बसला, आणि मी खोलगट झाले. मालगाडीतून उदगीरच्या स्टेशनात उतरले आणि बाजारातल्या एका दुकानात दोरीला लटकून राहिले. तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता. भांडी घ्यायला कोण येणार? लोक उलट घरातली भांडी मोडीत घालायला येत होते. त्या दिवसांत सरजाबाई आली. देवणीजवळच्या एका खेड्यातली, दुष्काळी कामावर खडी फोडणारी. तिचं मातीचं गाडगं फुटलं होतं. तिनं मला बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, उन्हाकडं धरून भोक आहे का ते बघितलं, आणि डोक्यावर पालथं घालून घरी नेलं. सरजाबाईला मी कधी अहो-जाहो करत नाही. आईला आपण ‘ती’च म्हणतो ना, तसं.

काम गावापासून लांब होतं. संध्याकाळी बायका चालत परत यायच्या तेव्हा कुणाच्या अंगात भाकऱ्या थापायचं त्राण नसायचं. मग सरजाबाई माझ्यात पाणी ठेवायची. आधण आलं की मूठभर तुरीची डाळ, मग जात्यावर भरडलेल्या ज्वारीच्या कण्या, आणि वरून वाळवून ठेवलेली अंबाडीची पानं चुरून. ज्वारी नसली तर रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, कण्या. रटरट शिजलं की झालं. तिखट आत घालायची नाही, कारण लेकरंही त्यातच जेवायची. मोठ्यांच्या ताटात वाढल्यावर पळीत करडीचं तेल कडकडून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी वरून ओतायची. तो चर्र आवाज झाला की मंडळी जेवायला बसली असं समजायचं.

तेव्हापासून माझं काम ठरून गेलं. रोजच्या स्वैपाकाला दुसरी भांडी आली, पण कुणी प्रवासाहून आलं की सरजाबाईचा हात माझ्याकडंच वळायचा. आल्या आल्या भाजीपाला कोण आणणार? कण्या, डाळ आणि वाळली अंबाडी मात्र घरात असायचीच. तिचा मुलगा व्यंकटी नांदेडला वसतिगृहात राहून शिकला. सुट्टीत बसमधून उतरून घरी आला की पहिलं जेवण माझ्यातलं. दारातूनच म्हणायचा, “माय, पातेलं चढवलंस का?”

व्यंकटीला सरकारी नोकरी लागली. पुढं लातूर जिल्हा झाला, नवीन कचेऱ्या उघडल्या, आणि त्याची बदली तिथं झाली. तोवर त्याचं लग्न झालं होतं. त्याची बायको विशाखा कॉलेज शिकलेली, विज्ञानाची पदवी घेतलेली. मांडीवर वर्षाची लेक. बिऱ्हाड हलताना सरजाबाईनं गाठोड्याच्या सगळ्यात वर मला ठेवलं.

लातूरला त्यांना पार्वतीबाईंच्या वाड्यामागची एक खोली मिळाली. पार्वतीबाई आणि त्यांचे यजमान हणमंतराव हे जमिनीवाले. शेत उदगीरकडं, घर शहरात. खोली देण्याआधी पार्वतीबाईंनी आडनाव विचारलं. ऐकून थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, की नोकरदार माणूस आहे, बौद्ध असले म्हणून आमचं काही म्हणणं नाही. बोलायला गोड होत्या. लेकीला कडेवर घ्यायच्या. फक्त विशाखाच्या घरात त्यांनी कधी चहा घेतला नाही. “आत्ताच झाला बघ,” म्हणायच्या. आणि आल्या की बोलता बोलता शिजणाऱ्या भांड्याचं झाकण उचलून बघायची त्यांना सवय होती.

विशाखा फार जपून वागणारी. लेकीचं पाणी उकळून, गाळून, पुन्हा झाकून ठेवायची. लेक शिंकली तरी तिची झोप उडायची. तशीच ती पार्वतीबाईंच्या नजरेवरही नजर ठेवायची. त्या आज कुठं बघून गेल्या, कशावर थांबल्या, काय बोलल्या नाहीत. मांडणीवर तिनं स्टीलची भांडी दिसतील अशी लावली आणि मला खाली, पोत्यामागं सरकवलं. व्यंकटीनं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, की आंबट पदार्थ जर्मनच्या भांड्यात शिजवू नये, लेकराच्या पोटाला बरं नाही. मित्रांनो, ती सांगत होती ते खरंच होतं. अंबाडीनं मी आतून काळी पडले ते उगाच नाही. पण मी पोत्यामागं गेले ते त्या कारणानं नव्हे. ते तिलाही ठाऊक होतं.

त्या साली पाऊस पुन्हा फिरकला नाही. जिल्हा नवा झाला, पण नळ कोरडेच. टँकर आला की गल्ली घागरी घेऊन धावायची. शेतावर चारा उरला नाही म्हणून हणमंतरावांनी त्यांची देवणी जातीची गाय शहरातल्या घरी आणून बांधली. पांढरी, काळ्या तोंडाची. मैना तिचं नाव. कडब्याची एक पेंढी तिला कशीबशी मिळायची. तिच्या बरगड्या मोजता येतात, असं विशाखा म्हणायची.

अशात नांदेडला व्यंकटीच्या चुलतभावाचं लग्न निघालं. सगळे गेले. परतताना सरजाबाईही चार दिवस राहायला म्हणून बरोबर आली. बस वाटेत बंद पडली, लेक रडून रडून निळी झाली, आणि घर उघडलं तेव्हा दिवस कलला होता. व्यंकटी पिशव्या टाकून तसाच टँकरकडं धावला. विशाखा लेकीला शांत करत होती. सरजाबाईनं कुणाला न विचारता पोत्यामागून मला ओढून काढलं.

“आत्याबाई, त्यात नको,” विशाखा म्हणाली. “स्टीलचं घ्या ना.”

“आजच्या दिस घेते. हात बसलाय माझा,” सरजाबाई म्हणाली, आणि स्टोव्हला पंप मारला.

किती दिवसांनी माझ्या बुडाला आच लागली! डाळ शिजली, कण्या फुलल्या, अंबाडीचा आंबूस वास खोलीभर झाला. लेकही हुंदके देत देत झाकणाकडं बघायला लागली. सरजाबाईनं मला उतरवून बाजूला ठेवलं, ताटं मांडली आणि पळीत तेल तापवलं. लसूण टाकला. तेवढ्यात पार्वतीबाई आल्या, आल्यात का म्हणून विचारायला. आणि नेहमीप्रमाणं झाकण उचललं.

आत पांढुरका, गचगचीत, पानांनी काळपटलेला गोळा. फोडणीविना तो दिसायला तसाच दिसतो.

“हे गं काय?” त्या म्हणाल्या. “आल्या आल्या आंबोण करून राहिलीस का?”

आंबोण म्हणजे गुरांना शिजवून घालतात ते. त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. गाय दारात होती, त्यांच्या डोक्यात दिवसभर तीच होती. पण विशाखा ज्या क्षणाला इतके महिने भीत होती तो क्षण तिच्यापुढं उभा राहिला. आता या बाई गल्लीभर सांगणार, की ते लोक गुरांचं खाणं खातात. तिचं तोंड लाल झालं.

“हो,” ती म्हणाली. आणि एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण घाबरलेलं माणूस जास्तच बोलतं. “तुमच्या मैनेसाठीच. बिचारी वाळत चाललीय ना.”

पार्वतीबाईंचे डोळे भरून आले. दुष्काळात सख्खं माणूससुद्धा दुसऱ्याच्या जनावराला विचारत नाही, आणि ही परक्याची पोर प्रवासाहून येऊन आधी गाईचं बघते. त्यांनी विशाखाच्या लेकीच्या तोंडावरून हात फिरवून दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली, पदरानं माझे काठ धरले आणि मला उचललं.

सरजाबाई हातात पळी घेऊन बसली होती. पळीतला लसूण आधी तांबूस झाला, मग काळा. ओतायला आता काही नव्हतं. विशाखानं तिच्याकडं बघितलं नाही. बघू शकली नाही. मी दाराशी पोचले तेव्हा मागून सरजाबाईचा आवाज आला.

“बाई, निवू द्या जरा. जनावराची जीभ भाजंल.”

मित्रांनो, गाईनं मला चाटून पुसून स्वच्छ केलं. तिची जीभ खरखरीत होती आणि ती खरोखर भुकेली होती. तिचा काही दोष नाही. पण आत खोलीत तीन रिकामी ताटं मांडलेली होती, आणि मी अंगणात.

आतलं मला नंतर कळलं. व्यंकटी पाणी घेऊन आला तेव्हा विशाखानं लेकीला तांदळाची पेज करून भरवली होती. मोठ्यांसाठी काही करते म्हणाली, तर सरजाबाई म्हणाली, बसनं पोट ढवळून गेलंय, काही नको. व्यंकटीही मग लग्नाघरचे शिळे लाडू खाऊन झोपला. सकाळी पहिल्या बसनं सरजाबाई गावी निघून गेली. चार दिवस राहायचं होतं, त्याचं काय, असं व्यंकटीनं विचारलं. ती म्हणाली, कोंबड्या कुणाच्या भरवशावर ठेवू?

दुसऱ्या दिवशी पार्वतीबाई मला परत द्यायला आल्या आणि हसून म्हणाल्या, “लई आवडीनं खाल्लं बघ. आज बी करशील ना?”

काय करणार? खोटं एकदा बोललं की ते रोज शिजवावं लागतं. विशाखा रोज संध्याकाळी घरातल्या कण्या आणि डाळीची चूर माझ्यात शिजवायची आणि अंगणात नेऊन ठेवायची. ढवळताना तोंड दुसरीकडं करायची. मला घासून आत घ्यायची नाही; मी बाहेरच्या ओट्यावर पालथी पडून असायचे. मैना तगली. तिच्या अंगावर थोडं मांस दिसू लागलं. आणि गल्लीत विशाखाचं नाव झालं. टँकरच्या रांगेत बायका तिला पुढं घ्यायच्या. “हिला भरू द्या गं आधी, पुण्यवान बाई हाय,” म्हणायच्या. ती घागर भरून मान खाली घालून यायची. शिव्या खाल्ल्या असत्या तरी माणूस इतकं खाली बघत चालत नाही.

सरजाबाई त्यानंतर दोनदा आली. ओट्यावर, माझ्याशेजारी बसायची. चहा घ्यायची, पाणी घ्यायची, नातीला खेळवायची. जेवायची वेळ झाली की फडक्यातली भाकरी सोडायची. “बांधून आणलीय. खराब हुईल,” म्हणायची. रागानं नव्हे. राग असता तर विशाखानं पाय धरले असते. ती हसून म्हणायची, आणि विशाखानं वाढलेलं ताट तसंच आत जायचं.

मग गावची विहीर आटली. व्यंकटी सारखा म्हणायला लागला, माय, आता आमच्याकडं ये राहायला. ती यायला तयार होईना. तिकडं हंडाभर पाण्यासाठी म्हातारी कोसभर चालत होती, आणि इकडं व्यंकटीला कारण कळत नव्हतं. एकदा ओट्यावर बसून त्यानं विशाखाला विचारलं, “माय तुझ्यावर नाराज आहे का?”

“माझ्यावर कशाला असतील?” विशाखा म्हणाली. आणि आत जाऊन तिनं लेकीचं उकळलेलं पाणी पुन्हा उकळत ठेवलं.

शेवटी ओट्यावरच एका संध्याकाळी मी ऐकलं, की सरजाबाई पाण्याच्या वाटेवर चक्कर येऊन पडली. दोघंही लेकीला घेऊन गावी गेले. डॉक्टरला दाखवायचं म्हणून तिला कसंबसं राजी केलं. दोन दिवस, त्यावर एक नाही, असं कबूल करूनच ती बसमध्ये चढली. ते परत आले तेव्हा उन्हं वाड्याच्या भिंतीवर चढली होती. सगळ्यांच्या अंगावर धूळ. सरजाबाईच्या कपाळाला खोक. ती खोलीत गेलीच नाही. माझ्याशेजारी ओट्यावर टेकली, आणि टेकता टेकता फडक्याची गाठ सोडायला लागली.

पार्वतीबाई अंगणात मैनेपाशी उभ्या होत्या. “आल्यात का?” त्या म्हणाल्या. “सकाळपासनं वाट बघून राहिली बघ ही. तुझ्या आंबोणाबिगर कडब्याला तोंड लावंना.”

विशाखा दारात उभी होती, लेक खांद्यावर. तिनं सरजाबाईच्या हातातल्या गाठीकडं पाहिलं. ती गाठ सुटली की आणखी एकदा सगळं तसंच होणार होतं, आणि परवा म्हातारी पुन्हा कोरड्या विहिरीकडं जाणार होती.

“काकू, ते आंबोण नव्हतं,” ती म्हणाली.

“कुठलं?”

“पहिल्या दिवशीचं. ते आमचं जेवण होतं. आत्याबाईंनी आमच्यासाठी केलं होतं. तुम्ही विचारलं आणि मी हो म्हटलं.”

पार्वतीबाई पायरीवर बसल्या. “मग त्या दिवशी तुम्ही काय खाल्लं?”

“लेकराला पेज दिली. आत्याबाई उपाशी निजल्या.”

“अन् मी तुमच्या ताटातलं उचलून... अगं, सांगायचं होतंस. मी काय म्हणाले असते?”

“आमच्यात असलंच खातात, असं म्हणाल असं वाटलं,” विशाखा म्हणाली. “मला लाज वाटली, काकू. जेवणाची वाटली. आत्याबाईंचीपण वाटली.”

पार्वतीबाईंनी पदर सावरला. कदाचित त्या खरंच तसं म्हणाल्या असत्या, आणि ते त्यांच्याच ध्यानात आलं असावं. त्या उठल्या आणि खाली बघतच घरात गेल्या.

व्यंकटी पिशवी हातात धरून उभा होता. हे सगळं तो पहिल्यांदा ऐकत होता. “माय, तू मला सांगितलं न्हाईस?”

“काय सांगू?” सरजाबाई म्हणाली. “तुझ्या बायकोनं गाईला जेवू घातलं म्हणून?”

विशाखानं लेकीला तिच्या मांडीवर ठेवलं आणि मला उचललं. राखेनं घासलं. पाणी थोडंच होतं, म्हणून आधी कोरड्या राखेनं, मग ओल्या, आणि शेवटी एका तांब्यात धुतलं. घासता घासता तिच्या नाकातून पाणी माझ्यात पडत होतं, ते तिनं दोनदा पुसलं. मला स्टोव्हवर चढवून तिनं डाळ आणि कण्या घातल्या. अंबाडी मात्र माझ्यात घातली नाही. ती स्टीलच्या वेगळ्या पातेलीत शिजवली, घोटली, आणि वाढताना कण्यांत मिसळली. आंबटाचं तिचं म्हणणं तिनं सोडलं नाही, आणि सरजाबाईनं त्याला हरकत घेतली नाही. फोडणी करताना पहिला लसूण करपला. तिनं दुसरा सोलला.

ताट ओट्यावर आलं. सरजाबाईपुढं एका बाजूला फडक्यातली भाकरी होती, एका बाजूला ते ताट. विशाखा समोर उभी. वाढलंय म्हणाली नाही, जेवा म्हणाली नाही. सगळी ताकद अगोदरच संपली होती.

सरजाबाईनं भाकरीचा एक तुकडा मोडून नातीच्या हातात दिला, बाकीची पुन्हा बांधून ठेवली, आणि ताट जवळ ओढलं. पहिला घास घेतला. चावला. गिळला.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली.

विशाखा मीठ आणायला धावली. परत आली तेव्हा सरजाबाई दुसरा घास घेत होती. तिनं मीठ घेतलं, कालवलं, आणि अंगणाकडं मान करून म्हणाली, “समदं आपणच खाऊ नगं. मैनेला ठेव थोडं. तिला सवय लागली हाय.”

ती दोन दिवसांसाठी आली होती. पाऊस पडून विहिरीला पाणी येईपर्यंत राहिली. पार्वतीबाई पुन्हा येऊ लागल्या, पण आता दारात उभं राहून विचारतात, येऊ का म्हणून. झाकण उचलत नाहीत. चहाही अजून घेतलेला नाही. आणि विशाखाचं म्हणाल, तर कुणाची पावलं वाजली की तिचा हात अजूनही आपोआप माझ्या झाकणाकडं जातो. मग ती तो मागं घेते. रोज घेते. लाज एका संध्याकाळीत जात नाही, मित्रांनो.

मी आता म्हातारी झाले आहे. काठाची चीर वाढली तर एक दिवस मोडीत जाईन, त्याचं मला दुःख नाही. मला घासायला चिमूटभर राख पुरते, आणि उजेडात ठेवायला मांडणीचा कोपरा. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं. पण तुमच्या घरी कुणी दमून भागून वाटेवरून आलं, घाईघाईनं साधंसुधं काही शिजलं, आणि कुणी झाकण उचलून विचारलं, हे काय आहे, तर घाबरू नका. आमचं जेवण आहे, म्हणा. बसा म्हणा.